‘तुफान आलंया’ विदा म्हणून बघताना

सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावात बसून पाणी फाउंडेशनवर प्रबंध लिहायचा तर पहिला विदा मोबाईलवरच मिळतो: यूट्यूबचे व्हिडिओ, ‘तुफान आलंया’चे भाग. संस्थेनं माध्यम वापरलं ते भन्नाटच. 2016 मध्ये 3 तालुक्यांत सुरू झालेली वॉटर कप स्पर्धा 2018 मध्ये 75 तालुक्यांत पोचली. पण हे व्हिडिओ लोकांना श्रमदानाला उठवायला बनवलेत, पुरावा म्हणून नव्हे. त्यांत बहुतेक जिंकलेली, निदान झुंजलेली गावं दिसतात. नाव नोंदवून गप्प बसलेली कुठायत? शिवाय स्पर्धा दीड महिन्याची. विहिरीचं पाणी पुढच्या उन्हाळ्यात मोजायचं असतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून 4 वेळा मोजते. व्हिडिओ बघायच्या आधी त्या नोंदी काढा.