चौघांची रात्र

कोंबडे झाकले म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही, ही म्हण मराठी घरांत लहानपणीच कानांवर पडते. कर्नाटकाच्या लोककथेतही आजी आणि तिचा कोंबडा आहेतच. त्या कथेवरून चिदानंद नाईक ह्यांनी केलेला ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टु नो’ हा सोळा मिनिटांचा कन्नड लघुपट म्हणीतले शहाणपण उलटे करतो. येथे एक वृद्धा गावचा कोंबडा चोरते, आणि सूर्य खरोखरच उगवत नाही. गाव अंधारात बुडते. कोंबडा परत मिळावा म्हणून भविष्यवाणीचा आश्रय घेतला जातो, आणि वृद्धेच्या कुटुंबावर गाव सोडण्याची पाळी येते. म्हण जिला हसते, ती म्हातारी येथे साऱ्या गावाला भारी पडते.

कथेइतकीच तिच्या निर्मितीची रीतही विचार करण्याजोगी आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील टेलिव्हिजन विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमात, वर्षअखेर चार शाखांच्या चार विद्यार्थ्यांनी मिळून एक कृती सिद्ध करावयाची असते. येथे दिग्दर्शन नाईक ह्यांचे, छायालेखन सूरज ठाकूर ह्यांचे, संकलन मनोज व्ही. ह्यांचे आणि ध्वनी अभिषेक कदम ह्यांचा. २०२४ साली कान महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ विभागात ५५५ चित्रपटशाळांच्या २,२६३ प्रवेशिकांतून अठरा कृती निवडल्या गेल्या. त्यांत पहिले पारितोषिक ह्या लघुपटाला मिळाले. पारितोषिकाच्या यादीत नाव येते ते मात्र दिग्दर्शकाचे.

आम्हांस ह्यात अन्यायापेक्षा दृष्टिदोष अधिक दिसतो. जी कथा उजेडच नाकारते, तिचा भार दिग्दर्शकाच्या कल्पनेवर किती काळ टिकणार? न संपणारी रात्र प्रेक्षकाला दिसावी, पण ती रात्रच राहावी, ही छायालेखकाची कसोटी. डोळ्यांना जे दिसत नाही ते कानांनी पुरवावयाचे, ही ध्वनिलेखकाची. पहाटच होत नसेल तर काळ पुढे सरकल्याचे कळावे कसे, हा संकलकापुढचा प्रश्न. चौघांपैकी एकाचा हात ढिला पडता, तर लोककथेची नुसती गंमत उरली असती.

उणीवही सांगितली पाहिजे. एकीच्या कृत्यापायी साऱ्या कुटुंबाला हद्दपारी, हा आमच्या मते ह्या कथेचा सर्वांत बोचरा भाग. त्याला आणखी थोडा अवकाश हवा होता. सोळा मिनिटांत अंधाराचे नवल मनात ठसते, शिक्षेचे दुःख तितके ठसत नाही.

हे शिक्षण ज्या आवारात चालते ते मूळ ‘प्रभात’चे. ती कंपनी १९२९ साली कोल्हापुरात पाच भागीदारांनी उभारली, आणि १९३६ च्या ‘संत तुकाराम’वर दिग्दर्शक म्हणून दामले आणि फत्तेलाल ही दोन नावे आहेत. श्रेय वाटून घेतल्याने त्या चित्रपटाचे काही कमी झाले नाही.

आपल्यासारख्या कचेरीतील माणसांना हे निराळे सांगावयास नको. टिपणी एकाची, आकडे दुसऱ्याचे, मसुदा तिसऱ्याचा. आणि सही एकाची. सहीवाचून फाईल पुढे जात नाही हे खरे. पण टीकाकाराने सहीपाशी थांबू नये. त्याने मागची पाने उलटावीत. ह्या लघुपटाच्या श्रेयनामावलीत ती पाने अवघी चार आहेत. तेवढी वाचण्याचे कष्ट कोणालाही जड जाऊ नयेत.