तुंगारेश्वरचे रान आणि एक पुस्तक

वसईच्या पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर आहे. २००३ साली त्याचे अभयारण्य झाले. तेथे सहली जातात, आणि ‘माणसाचा हात न लागलेले जंगल असे असते’, हे वाक्य मुलांना पुष्कळदा ऐकवले जाते. ते खरे नाही. ते का खरे नाही, हे समजून घ्यायला माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांचे ‘धिस फिशर्ड लँड’ (१९९२) हे पुस्तक फार उपयोगी पडते. मात्र पुस्तकाचीच एक बाजू तुंगारेश्वरच्या पायथ्याशी लंगडी पडते. तिच्याविषयी थोडे लिहायचे आहे.

एक जीवशास्त्रज्ञ आणि एक इतिहासकार यांनी मिळून भारताच्या जंगलांचा इतिहास सांगावा, हेच त्या काळी नवे होते. पुस्तकाचा सर्वांत भक्कम भाग इंग्रजी अमदानीचा. आरमारासाठी आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी साग कसा गेला, १८७८ च्या कायद्याने गावांचे हक्क सरकारच्या मेहेरबानीच्या सवलती कसे झाले, हे लेखक पुराव्यानिशी मांडतात. ठाणे जिल्ह्याच्या वाचकाला हे घरचेच वाटेल. येथे भाताचे रोप टाकण्यापूर्वी फांद्या, पालापाचोळा, शेण जाळून राब भाजतात. त्याने तणांचे बी मरते आणि रोपाला राख मिळते. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडण्यावर वनखात्याने निर्बंध घातले, तेव्हा एवढा असंतोष झाला की सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे.

अडचण त्याआधीच्या काळाची आहे. जातींनी निसर्गातली साधने आपसांत वाटून घेतली होती, त्यामुळे ती जपून वापरली जात आणि एक प्रकारचा समतोल होता, असे लेखकांचे म्हणणे. खांडववन जाळल्याची कथा ते स्वतःच सांगतात, तरीही इंग्रजी राज्य हेच निर्णायक वळण ठरते. वसईत ही मांडणी टिकत नाही. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले, म्हणजे हे बंदर दोन हजार वर्षांहून जुने. बंदर आले की गलबतांना लाकूड लागणार, वस्तीला सरपण लागणार. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज काळात तर वसईत सागवानी जहाजेच बांधली जात. आणि मराठ्यांचे आज्ञापत्र वाचा. आरमारासाठी साग-शिसव हुकमाने तोडावे, पण रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, अशी त्यात ताकीद आहे. ताकीद द्यावी लागते ती कोणी तरी तोडत असल्यावाचून नाही. जंगलावर राज्याची नजर इंग्रजांच्या आधीपासून होती. नंतर तिला कायदा, सीमेचे दगड आणि रेल्वे मिळाली. सुमित गुहा यांनी १९९९ च्या पुस्तकात पश्चिम भारतातल्या रानातल्या समाजांचा बाजाराशी आणि राजसत्तेशी शतकानुशतके आलेला संबंध दाखवला. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

माझी दुसरी तक्रार अशी, की जीवशास्त्रज्ञ सहलेखक असूनही झाड हा पुरावा म्हणून पुरेसे पुढे येत नाही. एकाच जुन्या बुंध्यातून तीन-चार सोट वर गेलेला साग दिसला, तर तो पूर्वी तोडलेला असण्याची शक्यता मोठी. सागाला ऊन लागते, तो वणव्यात तगतो, तोडला तर पुन्हा फुटतो. म्हणून जेथे कुऱ्हाड आणि आग वारंवार फिरली, तेथे त्याचे फावले. डोक्याच्या उंचीवर गाठाळ झालेला ऐन राबाची आठवण देतो. मोह साफसफाईतही राखतात, कारण फुले आणि बी पोट भरतात. हे सारे शिक्षकाला मुलांसह पाहता येते, त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

पण येथेही सावध राहावे. १९९२ सालीच विल्यम डेनेव्हन यांनी अमेरिका खंडातल्या ‘अस्पर्श’ निसर्गाची कल्पना खोडून काढली. २०१७ साली अॅमेझॉनमध्ये माणसाने जोपासलेल्या ८५ वृक्षजाती मोजून पाहिल्या, तर त्यांतल्या २० अत्यंत विपुल निघाल्या. नद्यांपासून दूरच्या भागात मात्र माणसाचा ठसा फार पुसट आहे, असे इतर संशोधकांनी दाखवून दिले आहे. ‘सगळेच माणसाने घडवले’ हे म्हणणे ‘काहीच घडवले नाही’ इतकेच आळशी, आणि बिल्डरांना पहिले जास्त सोयीचे. उलट दुसऱ्या विधानाची किंमत वारली, कातकरी मोजतात. रान अस्पर्श ठरले की त्यात राहणारा उपरा ठरतो, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली आपली वहिवाट सिद्ध करण्याचे ओझे त्याच्याच डोक्यावर राहते.

शिक्षकांनी पुस्तक शेवटाकडून वाचायला घ्यावे. इंग्रजी काळाची प्रकरणे आधी, जातींच्या समतोलाचे मग, आणि ते पेन्सिल हातात धरून.