आधीच घडलेला मृत्यू आणि दुसरे पर्व : मालिकाकथनातील उताराची मीमांसा

अमेरिकन दूरचित्रवाणीतील 'सीझन' ही संकल्पना मुळात प्रक्षेपणाच्या वेळापत्रकातून आलेली आहे. शरद ऋतूत सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर संपणारे प्रक्षेपणवर्ष हा तिचा मूळ अर्थ. मराठी वाहिन्यांनी आणि वृत्तपत्रांनी तिच्यासाठी 'पर्व' हा शब्द रूढ केला, तेव्हा एका अगदी निराळ्या कथनपरंपरेचे स्मरण तिला नकळत चिकटले. महाभारताचे पर्व हा पूर्ण झालेल्या कथेचा भाग असतो. आदिपर्वाच्या आरंभीच धृतराष्ट्राच्या विलापातून युद्धाचा निकाल श्रोत्याला कळलेला असतो, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, तो पुढची पर्वे ऐकतो. सीझनचे तसे नसते. त्याच्या पुढचा भाग लिहिला जाणार की नाही, हे पहिला भाग लोकांसमोर आल्यानंतर ठरते. पहिल्या पर्वात असाधारण ठरलेली मालिका दुसऱ्या पर्वात एकाएकी ढासळते, या वारंवार आढळणाऱ्या घटनेचा विचार करताना हा भेद हाताशी ठेवणे उपयुक्त ठरते.

या उताराची स्पष्टीकरणे सहसा दोन प्रकारची असतात. लेखकाची प्रतिभा आटली, हे एक. वाहिनीने लोभापायी कथा ताणली, हे दुसरे. दोन्हींत तथ्य असले, तरी दोन्ही संहितेच्या बाहेर राहतात. उत्तम ठरलेल्या पहिल्या पर्वांची रचना तपासली, तर त्यांतील अनेकांच्या मुळाशी आधीच घडून गेलेला, परत न फिरवता येणारा एक मृत्यू असल्याचे दिसते. कथन त्या मृत्यूकडून मागे वळते. दुसऱ्या पर्वाला मात्र पुढे जावे लागते, आणि पुढे जाण्यासाठी बहुधा त्या मृत्यूचेच मोल कमी करावे लागते. कथनकाराला अधिकार मिळतो तो मृत्यूकडून, हे वाल्टर बेन्यामिन यांनी 1936च्या निबंधात लेस्कोवच्या संदर्भात मांडलेले सूत्र येथे आठवावे. बेन्यामिन यांच्यासमोर मौखिक कथाकार होता. दूरचित्रवाणीच्या क्रमशः कथनाला ते सूत्र किती लागू पडते, याची परीक्षा काही मालिकांच्या आधारे करता येते.

'ट्विन पीक्स' ही यांतील सर्वांत बोलकी. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांनी निर्माण केलेली ही मालिका एबीसी वाहिनीवर 8 एप्रिल 1990 रोजी सुरू झाली. पहिला भाग सुमारे साडेतीन कोटी प्रेक्षकांनी पाहिला. वॉशिंग्टन राज्यातील, कॅनडाच्या सीमेजवळच्या एका कल्पित गावात लॉरा पामर या शाळकरी मुलीचा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मृतदेह पाण्याकाठी सापडतो. पहिल्या पर्वाचे आठही भाग या एका देहाभोवती फिरतात. येथे रहस्य हे निमित्त आहे, असे म्हणण्याची समीक्षेत पद्धत आहे. ती अर्धीच खरी. गावातील प्रत्येक माणसाचा लॉराशी काही गुप्त संबंध होता, आणि तिच्या मृत्यूमुळे तो उघडा पडू लागतो. म्हणजे खून हा येथे कथेचा बीजही आहे आणि बिंदूही. नाट्यशास्त्रात सांगितलेल्या पाच अर्थप्रकृतींपैकी बिंदू ती, जी मुख्य प्रयोजन खंडित होऊ लागले असता कथेचा धागा पुन्हा जुळवून देते. पहिल्या पर्वात करवतगिरणीचे कारस्थान, उपाहारगृहातील प्रेमप्रकरणे, सीमेपलीकडचा जुगारअड्डा असे कितीही फाटे फुटले, तरी लॉराचे छायाचित्र पुन्हा पडद्यावर येते आणि फाटा मूळ प्रवाहाला मिळतो.

30 सप्टेंबर 1990पासून सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वात बावीस भाग होते. खुनी कोण हे सांगण्याचा वाहिनीचा आग्रह होता. लिंच यांना ते कधीच सांगायचे नव्हते, आणि त्या उलगड्यानेच मालिका संपली असे त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवले. 10 नोव्हेंबर 1990 रोजी प्रक्षेपित झालेल्या भागात लॉराचा पिता लेलंड हाच खुनी असल्याचे प्रेक्षकांना कळते. तो भाग स्वतः लिंच यांनी दिग्दर्शित केलेला असून, घराच्या सुरक्षित दिवाणखान्यात घडणारी हिंसा इतक्या निर्दयपणे त्याआधी अमेरिकन दूरचित्रवाणीने क्वचितच दाखवली असेल. तेव्हा उलगडा होणे हाच दोष होता, हे मत जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. दोष त्यानंतर सुरू होतो. आणखी दोन भागांत लेलंडचा शेवट होतो आणि तेरा भाग शिल्लक राहतात. जेम्स हर्ली गाव सोडून एका श्रीमंत विवाहितेच्या जाळ्यात सापडतो. बेन हॉर्न अमेरिकन यादवी युद्धातील सेनापती असल्याच्या भ्रमात वावरतो. नेडीन स्वतःला शाळकरी मुलगी समजू लागते. पताका, म्हणजे उपकथानक, गर्भ किंवा विमर्श संधीपर्यंतच चालावी, निर्वहणापूर्वी ती मिटली पाहिजे, असा नाट्यशास्त्राचा दंडक आहे. येथे उलटे घडले. निर्वहण आधी झाले आणि पताका मागे फडकत राहिल्या. त्यांना मिळण्यासाठी मूळ प्रवाहच उरला नव्हता.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे शोकाचा लोप. पहिल्या पर्वात लोक फार रडतात. त्या रडण्याची थट्टाही होते आणि ते खरेही असते. दुसऱ्या पर्वाच्या उत्तरार्धात गावाला लॉराचा जवळजवळ विसर पडतो. प्रेक्षक दुरावले ते रहस्य संपल्यामुळे, असे आकडे पाहणारा म्हणेल. संहिता वाचणाऱ्याला वेगळे दिसते: ज्या मुलीच्या मृत्यूने गावाला पडद्यावर अस्तित्व दिले, तिला गाव विसरले.

एनबीसीवरील 'हीरोज' (2006-2010) या टिम क्रिंग यांच्या मालिकेचे उदाहरण त्यामानाने सरळ आहे. साध्या माणसांना अचानक अतिमानवी शक्ती प्राप्त होतात, आणि चेन्नईहून आलेला मोहिंदर सुरेश हा आनुवंशशास्त्रज्ञ त्यांचा माग काढतो. पहिल्या पर्वाच्या तेवीस भागांचे सूत्र एका चित्रात सामावलेले होते: एक चित्रकार भविष्य रंगवतो, आणि त्यात न्यूयॉर्क स्फोटात नष्ट झालेले दिसते. शेवट आधी दाखवला जातो आणि पात्रे त्याच्याकडे चालत जातात. दर पर्वात नवी पात्रे आणावीत, ही मूळ कल्पना लोकप्रियतेपुढे टिकली नाही. पहिल्या पर्वाच्या अंती ज्यांनी प्राण दिल्याचे भासले, ते दुसऱ्यात परतले. सायलर हा खलनायकही परतला. गोळी लागून मेलेला नोआ बेनेट मुलीच्या रक्ताने पुन्हा जिवंत होतो, तेथे मालिकेचा खरा अंत झाला असे म्हणण्यास हरकत नसावी. ज्या जगात मृत्यूवर उतारा बाटलीत मिळतो, त्या जगातील कोणत्याही संकटाला वजन राहत नाही. नोव्हेंबर 2007मध्ये सुरू झालेल्या पटकथालेखकांच्या संपामुळे हे पर्व अकरा भागांतच आटोपले. परंतु पर्वाची गती आणि मांडणी चुकल्याची कबुली क्रिंग यांनी त्याच महिन्यात, पर्व चालू असतानाच दिली होती. संपावर सारा भार टाकता येत नाही.

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. कथा चालू ठेवल्यामुळेच उतार येत असेल, तर दर पर्वात नवी कथा सांगणारी मालिका त्यातून सुटायला हवी. एचबीओची 'ट्रू डिटेक्टिव्ह' तशीच होती, आणि तरी ती सुटली नाही. 2014च्या पहिल्या पर्वाचे आठही भाग निक पिझोलाटो यांनी लिहिले आणि कॅरी जोजी फुकुनागा यांनी दिग्दर्शित केले. 2015च्या दुसऱ्या पर्वात लेखक तेच, दिग्दर्शक मात्र अनेक. प्रक्षेपणाच्या तारखेसाठी लेखकाला घाई करायला लावली, असे सांगून वाहिनीचे तत्कालीन कार्यक्रमप्रमुख मायकेल लोम्बार्डो यांनी 2016मध्ये दोष स्वतःकडे घेतला. ते उमदेपणाचे होते, पण अपुरे. पहिल्या पर्वात लुईझियानातील 1995च्या खुनाची हकिकत दोन माजी पोलीस 2012मध्ये जबानीच्या रूपाने सांगतात. जबानी एक सांगते आणि दृश्य दुसरेच दाखवते. या फटीतून काळ, स्मृती आणि खोटेपणा यांविषयीचे त्या पर्वाचे सारे चिंतन आत येते; रस्ट कोलची तत्त्वज्ञाने त्यामानाने दुय्यम आहेत. दुसऱ्या पर्वात कॅलिफोर्नियातील कल्पित व्हिन्ची शहर, रेल्वेमार्गालगतच्या जमिनींचा घोटाळा आणि चार प्रमुख पात्रे आली, आणि कथन सरळ पुढे जाऊ लागले. मृतदेह येथेही आरंभी आहे, परंतु त्याच्याकडे मागे वळून पाहणारा कोणी नाही. तिसऱ्या पर्वात (2019) पिझोलाटो 1980, 1990 आणि 2015 अशा तीन काळांत विभागलेल्या कथनाकडे परतले, आणि त्या पर्वाने गेलेली पत बऱ्याच अंशी परत मिळवली. नव्या कथेने जे साधले नाही, ते जुन्या कथनदृष्टीने साधले.

भारतीय संदर्भात या प्रश्नाची तौलनिक बाजू सर्वाधिक स्पष्ट करणारी कलाकृती 'सेक्रेड गेम्स' ही होय, कारण तिच्यामागे विक्रम चंद्र यांची 2006 साली प्रसिद्ध झालेली, सुमारे नऊशे पानांची इंग्रजी कादंबरी उभी आहे. नेटफ्लिक्सवर पहिले पर्व 6 जुलै 2018 रोजी व दुसरे 15 ऑगस्ट 2019 रोजी आले. दोन्ही आठ-आठ भागांची. मूळ कादंबरी पूर्ण असताना उतार का यावा? शेवट तर लेखकांना उपलब्ध होता.

कादंबरीत गणेश गायतोंडे आरंभीच आत्महत्या करतो आणि मेलेला माणूसच सरताज सिंगला आपले आयुष्य सांगत राहतो. पहिल्या पर्वाने ही योजना उचलली आणि तिला इतिहासाच्या तारखांची जोड दिली. आणीबाणी, शाहबानो प्रकरण, 1992चा बाबरी विध्वंस, 1993चे मुंबईतील बॉम्बस्फोट या घटनांच्या पार्श्वभूमीवर गायतोंडेचा उत्कर्ष घडतो. प्रेक्षकाला दोन्ही शेवट ठाऊक असतात: गायतोंडेचा आणि त्या दशकांचाही. अनुराग कश्यप यांनी दिग्दर्शित केलेल्या गायतोंडेच्या भूतकाळातील उपरोधिक बळ या जाणतेपणातून येते. विक्रमादित्य मोटवाने यांनी हाताळलेल्या वर्तमानातील सरताजच्या कथेला काटेकर या हवालदाराने जमिनीवर ठेवले. जितेंद्र जोशी यांनी उभा केलेला काटेकर, त्याची बंबय्या हिंदीतून मध्येच मराठीत उतरणारी बोली आणि पहिल्याच पर्वात येणारा त्याचा मृत्यू यांना मालिकेत दुसरा पर्याय मिळाला नाही.

दुसऱ्या पर्वात सरताजच्या कथेचे दिग्दर्शन नीरज घायवान यांच्याकडे आले. गायतोंडे कश्यप यांच्याकडेच राहिला. पंकज त्रिपाठी यांचा गुरुजी केंद्रस्थानी आला, कथा मोम्बासाच्या समुद्रात आणि आश्रमात गेली. अमृता सुभाष यांनी साकारलेली गुप्तचर अधिकारी कुसुमदेवी यादव ही या पर्वाची मोठी जमेची बाजू, कादंबरीतील के. डी. यादव या पुरुषपात्राचे हे रूपांतर धाडसी आणि समर्थनीय आहे. तथापि, पहिल्या पर्वात दिनदर्शिका होती, दुसऱ्यात घड्याळ आले. पंचवीस दिवसांत शहर वाचवण्याचा इशारा पहिल्या भागातच मिळालेला असला, तरी तेव्हा तो मागे वळण्याचे निमित्त होता. आता तोच कार्य होऊन बसला. इतिहासाची जागा विश्वसंहाराच्या कल्पनेने घेतली. झालेल्या घटनेचा भार होणाऱ्या घटनेला येत नाही, कारण ती होणार नाही असा संशय प्रेक्षकाला सतत असतो.

कादंबरीने हा धोका ओळखला होता. तिच्यात अणुबॉम्बचे संकट टळते आणि तरी कादंबरी संपत नाही. ती सरताजच्या सामान्य दिवसांकडे, त्याच्या आईकडे वळते. मधूनमधून येणारी 'इन्सेट' प्रकरणे, विशेषतः फाळणीत दुभंगलेल्या पंजाबी कुटुंबाचे प्रकरण, कथेला पुन्हा पुन्हा मागे खेचतात. ही प्रकरणे रहस्यकथेचा वाचक ओलांडून जाईल हे लेखकाला माहीत होते आणि त्याने ती ठेवली. मालिकेने मात्र दुसरे पर्व बॉम्बसमोरच संपवले, आणि सरताजचा प्रयत्न यशस्वी झाला की नाही हे न सांगता पडदा मिटवला. याला मुक्त अंत म्हणणे औदार्याचे ठरेल. ज्या कथेत शेवट प्रथमपासून दिलेला होता, तिने शेवटी शेवट देण्याचे नाकारले.

उलट दिशेचे एक उदाहरण मराठीतच आहे. 'रात्रीस खेळ चाले' या झी मराठीवरील मालिकेचे पहिले पर्व (2016) सावंतवाडीजवळच्या आकेरीतील नाईकांच्या वाड्यात अण्णांच्या मृत्यूने सुरू होते. दुसरे पर्व (2019) पुढे गेले नाही. ते अण्णांच्या हयातीत मागे गेले आणि पहिल्याहून अधिक लोकप्रिय झाले. माधव अभ्यंकर यांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता यांच्या अभिनयाला त्याचे श्रेय दिले जाते, ते योग्यच. पण या दोघांचे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे त्यांच्या प्रत्येक उन्मत्त क्षणावर एक सावली पडत होती, हेही नोंदवले पाहिजे. तिसरे पर्व (2021) पुन्हा पुढच्या काळात सरकले. त्याला ती पकड साधली नाही. दैनंदिन मालिकांच्या रेट्यात हा रचनाविचार जाणीवपूर्वक झाला असेलच असे नाही, पण परिणाम संहितेत वाचता येतो.

लिंच यांनीही 1992च्या चित्रपटात लॉराच्या अखेरच्या आठवड्याकडे मागे जाणेच पसंत केले होते. 2017मध्ये ते आणि फ्रॉस्ट अठरा भागांचे पर्व घेऊन ट्विन पीक्सला परतले, तेव्हा अखेरच्या दोन भागांत कूपर हा तपास अधिकारी भूतकाळात शिरून लॉराचा खूनच टाळू पाहतो. पाण्याकाठचा मृतदेह दृश्यातून नाहीसा होतो. दुसऱ्याच नावाने जगणाऱ्या एका स्त्रीला घेऊन तो पामरांच्या घरासमोर उभा राहतो, दार उघडणाऱ्या बाईला पामर हे नाव ठाऊक नसते, आणि रस्त्यावर आल्यावर त्याला हे कोणते वर्ष आहे, एवढाच प्रश्न सुचतो. ती स्त्री किंकाळी फोडते आणि घरातले दिवे विझतात.