कृत्रिम बुद्धिमत्ता व आरोग्य : अनुदान-प्रस्तावांतील एक उणीव

कृत्रिम बुद्धिमत्ता व आरोग्य या विषयावरील अनुदान-प्रस्तावाचा खरा कस रुग्णांच्या माहितीच्या विश्वसनीयतेवर लागतो. सांगलीत १९४७ साली स्थापन झालेले वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; लगतच्या मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सातारा जिल्ह्यातील कराड येथेही या दोन्ही विद्याशाखा एकाच गावी नांदतात. असे असता परदेशी माहितीसंचावर विसंबून एकट्याने प्रस्ताव लिहिणे ही दृष्टीची उणीव होय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे रुग्णाची संमती, गोपनीयता व नैतिकता समितीचे परीक्षण यांवर भर देतात. म्हणून चिकित्सकाचा सहभाग स्वाक्षरीपुरता न राहता संशोधनप्रश्न ठरविण्यापासूनच असावा. अन्यथा कागदावरील अचूकता येथील रुग्णाच्या निदानास उपयोगी पडेलच, असे म्हणता येणार नाही.