तंबोरा कुणाच्या हातचा?

मिरजेच्या तंतुवाद्यांवर मराठीत झालेले बरेचसे लेखन एकाच गोष्टीपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांना धार लावण्याचे काम ओसरले, फरीदसाहेब शिकलगार वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि त्यातून तंबोरे-सतारी घडू लागल्या. गोष्ट खरी आहे. पण तिला आपण 'पिढीजात कला' असे लेबल लावून मोकळे होतो, तेव्हा गोष्टीतला मुद्दाच निसटतो. फरीदसाहेबांना वारशात मिळाली ती धार लावण्याची विद्या. वाद्य त्यांनी परक्याच्या वाद्याला हात लावून शिकून घेतले. पुढच्या पिढ्यांचे 'सतारमेकर' हे आडनाव नंतरचे.

आजची शास्त्रीय गिटार ज्याच्या आराखड्यावर उभी आहे, तो स्पेनचा आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हाही मुळात सुतार. १८६२मध्ये त्याने पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या ठेवून एक गिटार केली. नाद मुख्यतः वरच्या फळीत असतो, हे त्याला दाखवायचे होते. त्याच्या कारागिरीभोवती गूढ वलय रचणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे व्हावे.

तंबोऱ्यात मात्र कागदाचा लगदा चालवून घेता येत नाही. तिथे भोपळा लागतो, आणि भोपळा कारागीर घडवत नाही, तो निवडतो. मिरजेला येणारा कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमेच्या खोऱ्यातला. त्याचा घेर वेलावरच ठरतो. पुरुषी आवाजाच्या तंबोऱ्याला मोठा, बायकी आवाजाच्या तंबोऱ्याला लहान. म्हणजे वाद्याचे माप अर्धेअधिक शेतातच ठरलेले असते. तरी कारागिराची वंशावळ छापणाऱ्या आमच्या लेखांत त्या शेतकऱ्याला एक ओळही मिळत नाही.

२०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद आहेच. पण मानांकनाच्या नावात मिरज आहे आणि भोपळा पिकतो सोलापूर जिल्ह्यात. भीमेकाठच्या शेतकऱ्याला भोपळ्यापेक्षा ऊस परवडू लागला, तर मिरजेच्या नावाचे रक्षण करून नेमके काय वाचणार आहे?

दुसरा विसरलेला माणूस म्हणजे गाणारा. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित बाकदार माथ्याला घासत कंपते, म्हणून तो भरलेला, गुंजणारा स्वर निघतो. हीच जवारी. घोडी आणि तार यांमधला दोरा केसभर सरकला तरी नाद बदलतो. शिवाय तारेने घोडी झिजते आणि जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते. तंबोरा दुकानातून बाहेर पडतो तेव्हा पुरा झालेला नसतो. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांच्यासारखा सुराबाबत हटवादी गायक गावात असणे ही कारागिरांचीही शाळाच होती, असे मला वाटते. गायकीच्या इतिहासात मात्र हे देणेघेणे एकाच बाजूने मांडले जाते.

आमच्या दिवाळे गावात खाडीची हवा दमट, तारा लवकर गंजतात. माझा जुना मिरजेचा तंबोरा गेल्या वर्षी जवारीला नेला. मी काय बिघडले ते सांगू लागलो. कारागिराने हातानेच थांबवले, म्हणाला, "आधी तुमचा सा लावा." मी लावला. तो डोळे मिटून ऐकत राहिला, पुन्हा लावायला सांगितला, आणि मग कानस उचलली.