अनुदानाच्या भाषेतील 'शेतकरी'

शासकीय योजनांचे मसुदे वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाही. तथापि ज्या लेखातील एका शब्दावरून कोणाच्या खात्यात रक्कम जमा व्हावयाची हे ठरते, त्या लेखाची शब्दपरीक्षा भाषाभ्यासकाने अवश्य करावी. येथे विचाराचा शब्द 'शेतकरी' हा आहे.

'वारकरी', 'कामकरी' यांच्या पंक्तीतील हा शब्द घडणीने कर्तृवाचक आहे; स्वामित्ववाचक नव्हे. अमरावती जिल्ह्यातील तिवसा भागात हा भेद बोलीत आजही जिवंत आहे. वावर 'असणे' निराळे आणि वावर 'करणे' निराळे. दुसऱ्याच्या जमिनीत मक्त्याने वा बटईने कपाशी, तूर, सोयाबीन पेरणारा माणूस ते वावर 'करतो', असेच म्हटले जाते.

योजनेची भाषा हा भेद पुसून टाकते. २०१९ मध्ये आरंभ झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीतून वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात, ते 'भूधारक शेतकरी कुटुंबास'. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नमो शेतकरी महासन्मान निधीद्वारे तेवढीच भर घातली, तीही त्याच लाभार्थ्यांसाठी. 'भूधारक' या विशेषणाने येथे विशेष्यच गिळले आहे. याला केवळ अर्थसंकोच म्हणणे अपुरे होईल. मक्तेदार बाहेर राहतो आणि शहरात राहणारा जमीनमालक आत येऊ शकतो; म्हणून हे अर्थांतर होय.

२०२३ च्या खरिपाकरिता कापूस व सोयाबीन 'उत्पादकांना' हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्यात आले. त्यासाठी पिकाची नोंद पाहिली गेली. पण रक्कम गेली ती खातेदारास. सातबाऱ्यातील नमुना सात हक्क सांगतो, नमुना बारा पीक सांगतो. अनुदानाने बारा वाचला आणि पैसे साताला दिले.

मक्तेदाराने करारपत्र का दाखवू नये, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तरही एका शब्दातच आहे. १९५८ च्या विदर्भ प्रदेशाच्या कुळवहिवाट अधिनियमाने कुळाला संरक्षण दिले. तेव्हापासून 'कूळ लागेल' ही धास्ती मालकाच्या मनात घर करून आहे. म्हणून मक्ता बहुधा तोंडी आणि एका हंगामापुरता ठरतो. कुळाच्या रक्षणार्थ केलेला कायदा अशा रीतीने त्याच्याच नोंदीच्या आड येतो. पीकविम्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो, तेथेही त्याचे हात रितेच राहतात.

जमिनीची नोंद हा पडताळणीचा सोपा आधार आहे आणि थेट खात्यात रक्कम गेल्याने मधली गळती थांबते, हे मान्य केले पाहिजे. परंतु जे मोजण्यास सोपे तेच नामाचा अर्थ ठरवू लागले, म्हणजे भाषा शासनव्यवहाराची दासी होते. याहून व्यापक व्याख्या अशक्य नाही. १८८४ च्या शेतकरी कर्ज कायद्यात मालकाबरोबर वहिवाटदाराचाही निर्देश होता. 'तगाई' मात्र फेडावी लागे. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने कुळे, बटईदार व शेतमजूर यांनाही शेतकरी मानले. ओडिशाच्या कालिया योजनेने बटईदारांना साहाय्याच्या कक्षेत घेतले.

कर्ज फेडावयाचे तेव्हा वहिवाटदार दिसतो, निधी वाटावयाचा तेव्हा दिसत नाही, ही विसंगती शब्दांच्या निवडीतून उघड होते. 'सन्मान' हा शब्द योजनेच्या नावात आहे. ज्याच्या हाताने पीक उभे राहते त्याला 'शेतकरी' हे नामच नाकारून तो सार्थ होणार नाही.