श्रद्धेचा उच्च स्वर

जुना धार्मिक-ऐतिहासिक बोलपट आज पाहताना रसिकास प्रथम हसू येते, आणि मग त्या हसण्याची थोडी लाज वाटते. एद्वार्द पुहाल्स्की यांचा ‘मठाधिपती कोर्देत्स्की, चेंस्तोखोवाचा रक्षक’ (१९३४) हा पोलिश बोलपट पाहताना माझी अवस्था अशीच झाली. यातील पात्रे एकमेकांशी बोलण्यापेक्षा प्रेक्षागृहाशीच अधिक बोलतात. कॅमेरा आहे, परंतु तो पहिल्या रांगेत तिकीट काढून बसल्यासारखा आहे. एवढ्यावरून ही कृती टाकाऊ ठरविणे सोपे आहे. मात्र हा नाटकीपणा कोठून आला, हे पाहिल्यावाचून तसा निर्णय देणे उचित होणार नाही.

१६५५ साली स्वीडनच्या दहाव्या कार्ल गुस्तावच्या सैन्याने पोलंड व्यापले आणि राजा यान काझिमीर सायलेशियात आश्रयास गेला. नोव्हेंबरात जनरल म्युलरने यास्ना गुरा येथील मठास वेढा घातला. डिसेंबर संपण्यापूर्वीच तो उठवावा लागला. मठाधिपती आउगुस्तिन कोर्देत्स्की यांनी या वेढ्याचा वृत्तान्त लॅटिनमध्ये स्वतःच लिहिला. १६५६ च्या एप्रिलमध्ये राजाने ल्वूव येथे मेरीमातेस पोलंडची राणी म्हणून घोषित केले. पुढे शेंकेविच यांच्या ‘पोतोप’ या कादंबरीने ही कथा घरोघरी पोचविली. तात्पर्य, १९३४ च्या प्रेक्षकास कथेचा शेवट आधीच ठाऊक होता. कीर्तनातील आख्यान ऐकावयास बसलेल्या श्रोत्याप्रमाणे तो पुढे काय घडले हे जाणून घेण्यासाठी आलेला नव्हता; जे घडले ते पुन्हा एकदा मोठ्याने उच्चारले जावे, हीच त्याची अपेक्षा होती.

त्या उच्चारासही इतिहास आहे. १२३ वर्षे नकाशावरून पुसले गेलेले हे राष्ट्र १९१८ साली पुन्हा उभे राहिले. मधल्या काळात पोलिश वाणीस जे थोडे आसरे उरले, त्यांत रंगभूमी हा एक होता. कोर्देत्स्कींची भूमिका करणारे कारोल आद्वेंतोविच हे १८७१ साली जन्मलेले, त्याच रंगभूमीवर घडलेले नट. त्यांचा उंच स्वर ही केवळ लकब नव्हे. तो वारसा आहे.

असे असले, तरी माझा आक्षेप उरतोच. वेढ्याच्या आरंभी कोर्देत्स्कींनी म्युलरला पत्र लिहून स्वीडिश राजाची सत्ता मान्य केली होती. तो डावपेच होता की अगतिकता, यावर मतभेद आहेत. वेढा घालणाऱ्या फौजेत पोलिश पथकेही होती. म्हणजे खरा संघर्ष तटाबाहेर होता, तसाच एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या साधूच्या मनातही होता. उच्च स्वरात निश्चय बोलता येतो. संशय बोलता येत नाही. आणि आद्वेंतोविच हे तर हॅम्लेट व इब्सेनच्या भूमिकांसाठी नावाजलेले! संशयाचे वाद्य हाताशी असताना त्यावर केवळ नौबत वाजविली गेली, हे या कृतीचे खरे न्यून होय. रंगभूमीचे ऋण घेतल्याचा दोष मी तीस देणार नाही. अर्धेच ऋण घेतल्याचा देईन.

अनुवादक म्हणून आणखी एक गोष्ट जाणवली. पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या अनुवादात या संवादांचा अर्थ येतो, परंतु घोष येत नाही. मग उरलेले वाक्य पोकळ भासते. आपल्या हसण्याचा काही भाग या हानीतून जन्मतो, हे आपण मान्य केले पाहिजे.

शिवाय आपल्याला जे ठाऊक आहे, ते त्या प्रेक्षकास ठाऊक नव्हते. पाचच वर्षांनी, १९३९ साली, पुन्हा आक्रमण झाले, आणि या वेळी वेढा उठला नाही. १९४० पासून सोव्हिएत प्रदेशात हद्दपार झालेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे, बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहिली. त्यांच्यापैकी कोणी हा बोलपट पाहिला होता की नाही, हा प्रश्न गौण आहे. मठ वाचल्याची कथा त्यांनी कोणत्या स्वरात एकमेकांस सांगितली असेल, याचा विचार मनात आला, तेव्हा माझे हसू थांबले. आक्षेप मात्र मी मागे घेतलेला नाही.